बाळाचं निदान चुकलं... दाद कुठे मागायची?

गेल्या महिन्यातली गोष्ट. खामगावला आमच्या शेजारच्या वहिनींकडे त्यांची भाची आली होती. नांदुरा तालुक्यातल्या एका खेड्यात तिला दिलंय. वय असेल तेवीस-चोवीस. मांडीवर दहा महिन्यांची मुलगी. वहिनींनी कुंपणावरून हाक मारली, "जरा येता का? हिला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही पेपरात लिहिता ना!" पेपरात लिहिणाऱ्या बाईला कोर्टकचेरीपासून डाळिंबाच्या रोगापर्यंत सगळं कळतं, असा एक समज आपल्याकडे आहे. असो.

मी गेले. सवयीप्रमाणे आधी बाळाशी खेळायला लागले. टाळी वाजवली की पोर हसायची, मान वळवायची. पण नजर माझ्याकडे येत नव्हती. बुबुळं आपली भलतीकडेच फिरत होती. मी आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं. वजन दीड किलोसुद्धा नव्हतं. एका खासगी दवाखान्यात चोवीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. बिलासाठी बैलजोडी विकली. पोर जगली याचाच सगळ्यांना एवढा आनंद, की घरी जाताना हातात मिळालेल्या कार्डावर काय लिहिलंय आणि काय नाही, हे कोण बघणार? चौथ्या महिन्यात तिला वाटायला लागलं की पोरगी आपल्या तोंडाकडे पाहत नाही. सासूबाई म्हणाल्या, पोर शांत आहे. लस द्यायला गेली तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं. उत्तर मिळालं, "कमी दिवसांचं बाळ आहे, सगळं उशिरा होईल." सातव्या महिन्यात तिनं नवऱ्याच्या मागे लागून अकोला गाठलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पडदा सुटलाय. पहिल्या महिन्यात दाखवायला हवं होतं.

हे सगळं तिनं न रडता सांगितलं. मग म्हणाली, "काकू, कोर्टात गेलं तं माह्या पोरीले दिसन का?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मंग कायले जाव?"

मैत्रिणींनो, खरं सांगू? मला लगेच उत्तर सुचलं नाही. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघायच्या वेळी वहिनी आत गेल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "घरचे म्हन्तात, म्याच केलं. गिऱ्हानात भाजी चिरली म्हने." ग्रहणात भाजी चिरली म्हणून मुलीचे डोळे गेले! दहा महिने ही मुलगी आपल्या लेकराचं आंधळेपण आणि त्याचा दोष, दोन्ही एकटीच्या पदरात घेऊन बसली होती.

तेव्हा वाटलं, या विषयावर लिहायलाच हवं. 'कशाला जायचं?' याचं एक उत्तर तिनं स्वतःच दिलं होतं. कोर्ट डोळे देत नाही. पण चूक कोणाची होती, हे कुठेतरी नीट तपासून, कागदावर लिहून निघतं. आपल्या घरांमध्ये बाळाचं काहीही बिघडलं की पहिलं बोट आईकडे जातं. तिनं काय खाल्लं, कुठे गेली, कोणाची सावली पडली. डॉक्टरनं काय तपासलं नाही, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कित्येकदा येतच नाही.

आधी तिच्या बाळाचं काय झालं ते समजून घेऊ. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. बाहेर आल्यावर, त्यातून प्राणवायू द्यावा लागला की, त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सुटा करतात. बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. म्हणूनच नियम आहे. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. फारच लहान बाळ असेल तर त्याही आधी. वेळेत सापडलं तर लेसरनं बहुतेकांची नजर वाचवता येते. म्हणजे हा न दिसणारा आजार खरा, पण न सापडणारा नाही. तपासलं तर सापडतो!

कायद्याच्या दृष्टीनं सगळी मेख इथेच आहे. 'निदान चुकलं' एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. वैद्यकशास्त्र काही पंचांग नाही. एखाद्या बाळाच्या हृदयातला दोष पहिल्या दिवशी ऐकू येत नाही, महिन्याभरानं येतो. चांगल्यातला चांगला डॉक्टरही तिथे चुकू शकतो, आणि अशा चुकीला न्यायालयं निष्काळजीपणा म्हणत नाहीत. न्यायालय विचारतं ते असं, की त्या जागी साधारण कुशल, सावध डॉक्टर असता तर त्यानं काय केलं असतं? तो तपासणी करायला सांगता का? सांगता, आणि यांनी सांगितली नाही, आणि त्यामुळेच नुकसान झालं, असं दाखवता आलं तर दाद मिळते. तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. एक सुटली तरी प्रकरण ढासळतं.

अगदी याच आजाराची दोन मोठी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. पहिलं चेन्नईचं. १९९६ साली तिथल्या सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन १२५० ग्रॅम. डोळे तपासायला कोणी सांगितलं नाही. मुलगी आंधळी झाली. वडील लढत राहिले. २०१५ साली निकाल लागला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होत आली होती. सर्वोच्च न्यायालयानं सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली, आणि ती देणाऱ्यांमध्ये राज्य सरकारही होतं.

दुसरं प्रकरण दिल्लीतलं. २००५ साली बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेला मुलगा, खासगी रुग्णालय. मुलाची नजर ठरत नाही हे तिथेही आधी आईच्याच लक्षात आलं. डोळे तपासले होते, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. पण बाळाला या आजाराचा धोका आहे, पुन्हा दाखवायला हवं, हे आईवडिलांना सांगितल्याचं दाखवता आलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७६ लाख रुपये मंजूर केले. मोठा हिस्सा मुलाच्या नावानं, आणि आईला वेगळी रक्कम. आंधळ्या मुलाला वाढवताना आईचं जे आयुष्य खर्ची पडतं, त्याचाही हिशेब असतो, हे न्यायालयानं मान्य केलं. आपल्या घरात कधी कोणी करतं का हा हिशेब?

आणि आईवडिलांना स्वतःचा हक्क असतो, हे तर १९९८ सालीच ठरलंय. उत्तर भारतातल्या एका खासगी रुग्णालयात तापानं आजारी मुलाला नर्सनं भलतंच इंजेक्शन दिलं, मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. रुग्णालयाचं म्हणणं, रुग्ण मूल आहे, आईबापाला कसली भरपाई? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मूलही ग्राहक आणि त्याला घेऊन आलेले आईवडीलही ग्राहक. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाचे पाच लाख मिळाले.

आपल्या विदर्भातलं उदाहरण हवं असेल तर नागपूरचं आहे. गरोदरपणात पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली, प्रत्येक वेळी अहवाल 'सगळं ठीक'. बाळ जन्मलं ते बोटं नसलेलं, एक पाय गुडघ्याखाली नाही, एक हात मनगटापुढे नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२२ साली सव्वा कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. ही रक्कम मुलाच्या नावे ठेवायची आणि व्याज त्याच्या औषधपाण्यासाठी वापरायचं, असं सांगितलं. यावर काही जणींना प्रश्न पडेल, की आधी कळलं असतं तर काय केलं असतं, ते लेकरू नको होतं का? मला वाटतं, हा प्रश्न त्या आईलाच ठरवायचा होता. तो ठरवायची संधी तिला चुकीच्या अहवालानं दिली नाही, आणि जन्माच्या क्षणापर्यंत तिला तयारीही करू दिली नाही. ती काय ठरवती, ते आपण कोण विचारणार?

हे सगळे लाखा-कोटींचे आकडे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. ही मोजकी प्रकरणं आहेत आणि एकेकाला दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागली आहेत. या विषयातला आपल्या देशातला सगळ्यात गाजलेला जुना खटला महाराष्ट्रातलाच. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला उपचार करताना तो दगावला. आईवडील कोर्टात गेले. वडील स्वतः डॉक्टर होते! सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली, भरपाई तीन हजार रुपये. पंधरा वर्षं आणि तीन हजार. त्या आईवडिलांनी पैशासाठी केलं असेल का हो? पण रुग्ण हातात घेतला की डॉक्टरची जबाबदारी काय असते, हे त्या निकालात लिहिलं गेलं, आणि आजही वकील तोच निकाल पुढे करतात.

आता जायचं कुठे? खासगी दवाखाना असेल, बिल भरलं असेल, तर सरळ वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पूर्वी त्याला ग्राहक मंच म्हणायचे. आपल्या जिल्ह्याचा बुलढाण्याला आहे. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले, अशी हवा झाली होती. ते खरं नाही. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयानं आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. नव्या कायद्यात आपल्यासारख्यांच्या फार सोयीची एक गोष्ट आहे. दवाखाना अकोल्याचा असो, संभाजीनगरचा असो की नागपूरचा, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीचं शुल्क लागत नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. पण अशा प्रकरणात असलेला बरा, आणि इथे आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट: बाईला, मग तिच्या घरचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यानंच तसं म्हटलंय. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. किती जणींना माहीत आहे हे? मी आमच्या भिशीत विचारलं. चौदा जणींत एक हात वर झाला, आणि तिचे सासरे बेलिफ होते!

सरकारी दवाखान्याचं जरा वेगळं आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथे ग्राहक कायदा लागत नाही. केसपेपरचे चार पैसे भरले म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण म्हणून सरकार सुटतं, असं मात्र नाही. दिवाणी कोर्ट आहे, उच्च न्यायालय आहे. आपल्या शेजारच्या औरंगाबादचीच घटना घ्या, आताचं छत्रपती संभाजीनगर. १९६३ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. पोटात टॉवेल राहिला. दोन आठवड्यांचं बाळ मागे ठेवून ती गेली. नवरा आणि मुलं लढली. खालच्या कोर्टानं छत्तीस हजार दिले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं परत दिले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, असं त्या खटल्याचं नाव. निकाल लागला तेव्हा ते बाळ बत्तीस वर्षांचं झालं असेल.

पोलिसांत जायचं का? बहुतेक घरांतले पुरुष आधी हेच म्हणतात. किंवा मग चार पोरं गोळा करून दवाखान्याच्या काचा फोडतात. काचा फोडणं हा महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायद्यानं गुन्हा आहे, तुरुंग आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होऊन बसतो. फौजदारीचं म्हणाल, तर डॉक्टरवर गुन्हा ठरायला निष्काळजीपणा अगदी ढळढळीत, घोर असावा लागतो, आणि दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत आल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलंय. निदान राहून गेल्याच्या बहुतेक प्रकरणांत ही वाट उपयोगाची नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे डॉक्टरचं नाव नोंदणीतून काही काळ काढलं जाऊ शकतं, पण पैसे मिळत नाहीत.

आता मुदत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. दोन वर्षं कधीपासून? इथे मला एक खटला आठवतो, आणि दर वेळी आठवला की चिडचिड होते. नाशिकला एका बाईचं १९९३ साली पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती स्वतः नर्स होती, गोव्याला नोकरीला. पोट दुखत राहिलं. ती गोळ्या घेत राहिली. नऊ वर्षं! २००२ साली मुंबईत दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा पोटातून कापसाची पट्टी निघाली. तिनं तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं, की आत लपलेलं नुकसान जेव्हा कळतं तेव्हापासून मुदत मोजता येते हे खरं, पण या बाईला इतकी वर्षं दुखत होतं, नर्स असून ती परत डॉक्टरकडे का गेली नाही? तक्रार मुदतीबाहेर. संपलं.

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे बाईचा गुण समजतात. सोशिक आहे हो! त्या सोशिकपणाची कोर्टात ही किंमत होते. आणि बाळाच्या बाबतीत तर आपण स्वतःचंच नाही, त्याचंही दुखणं अंगावर काढत असतो. 'होईल हळूहळू', 'आमच्या दिराचा मुलगाही उशिराच बोलला', 'दृष्ट काढ'... यात महिने जातात. आईला शंका आली तो दिवस आणि डॉक्टरनं सांगितलं तो दिवस यांच्यामध्ये जो काळ जातो, तो उपचारालाही मारक आणि कायद्यालाही. म्हणून शंका आली की दाखवा, आणि दाखवलं की डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा: 'आई म्हणते, बाळ बघत नाही.' एवढी एक ओळ. लिहायला डॉक्टर खळखळ करतील. नम्रपणे पुन्हा सांगा. तोंडी बोललेलं हवेत जातं. या मुलीनं लसीच्या वेळी विचारलं होतं, ते तिच्याशिवाय कोणालाच आठवत नाही!

कागद ही तर सगळ्याची जान. दवाखान्याकडे असलेले उपचारांचे कागद मागायचा रुग्णाला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून बहात्तर तासांत ते द्यायला हवेत, आणि भरती झालेल्या रुग्णाचे कागद दवाखान्यानं तीन वर्षं जपायला हवेत. 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' हे उत्तर चालत नाही. लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. औषधांच्या पावत्या, सोनोग्राफीचे अहवाल, लसीचं कार्ड, सगळं एका फाईलीत. आपल्या घरात शेताचा सातबारा, पतसंस्थेची पावती लोखंडी कपाटात असते, आणि बाळंतपणाचे कागद? पिशवीत, खुंटीला, पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला!

आणखी एक, दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की दर वेळी तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही. त्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडची औषधं देत राहिले होते. पण मत असेल तर प्रकरण उभं राहतं. आणि इथेच आपल्यासारख्या गावांत घोडं अडतं. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर लिहून देत नाही. सगळे एकमेकांचे वर्गमित्र, नाहीतर व्याही. मोठ्या शहरात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवलं तर तिथल्या केसपेपरवर रोगाचं नाव आणि टप्पा तरी लिहिलेला मिळतो. तोही पुरावाच असतो.

डॉक्टरांशी वैर नको, असं तिचा नवरा म्हणतो. त्याला मी दोष देणार नाही. तालुक्याला लहान मुलांचे डॉक्टर दोन किंवा तीन. रात्री दोन वाजता पोर तापानं फणफणलं तर त्याच दारात उभं राहायचंय. डॉक्टरांची बाजूही मला दिसते. दिवसाला शंभर पोरं तपासणाऱ्या माणसाकडून काहीतरी निसटणारच, आणि तोच माणूस कित्येकांची लेकरं पेटीत ठेवून जगवतो. या बाळालाही त्यांनीच जगवलं, हे ती मुलगी स्वतः तीनदा म्हणाली. पण जगवल्याचे उपकार आणि न तपासल्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस गेली म्हणजे वैर होतं असंही नाही. बऱ्याच डॉक्टरांचा विमा असतो, भरपाई तो भरतो. आणि त्या दवाखान्याच्या कार्डावर उद्यापासून 'डोळे तपासा' अशी ओळ आली, तर पुढच्या पेटीतल्या बाळाला ती उपयोगी पडेल.

ती मुलगी वहिनींकडे आठ दिवस राहिली. सोमवारी वहिनी आणि ती अर्ज घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. आधी, साहेब नाहीत म्हणाले. मग, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. वहिनी तिथल्या बाकावर डबा उघडून बसल्या! दुपारी पोच मिळाली. गुरुवारी कागद मिळाले, सदतीस पानं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे घेऊन आली. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर पानं मांडून बसलो. वजन रोजचं लिहिलेलं, प्राणवायू किती दिला ते तासातासानं लिहिलेलं. घरी सोडतानाचं कार्ड छापील होतं. त्यावर डोळ्यांच्या तपासणीचा एक रकाना होता. तो कोरा होता.

मी तिला बोट ठेवून दाखवलं. ती त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याची झेरॉक्स काढून द्या. एक सासूले दाखोतो."

दोन वर्षांतले तीन महिने गेलेत. अकोल्याच्या डॉक्टरांचे कागद तिच्या नवऱ्याकडे आहेत, ते तो आणून देतो म्हणालाय. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळावा म्हणून पुढच्या बुधवारी बुलढाण्याला जायचंय, नांदुऱ्याहून सकाळच्या एसटीनं, राजूर घाट चढून. पोरीला कोणाजवळ ठेवायचं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, सोबतच आण.